पलीकडच्या काठावर शांतवनकाका

रोज सकाळी सातच्या सुमाराला माझा फोन वाजायचा आणि त्यावर 'काका' एवढंच नाव दिसायचं. आमच्यात नमस्कार-चमत्कार नव्हते. मी फोन उचलला की थेट आकडे सांगायला लागायचो. त्या दिवशीही तसंच झालं. थंडी सरत आली होती, मी तलावाच्या बांधावर उभा होतो, आणि फोन उचलल्या उचलल्या म्हणालो, "काका, माझ्या बाजूला चक्रवाक सात, हळदीकुंकू बदकं चार, शेकाटे बरेच आहेत, थांबा मोजतो…" पलीकडून आवाज नाही. मला वाटलं, लिहून घेताहेत. मी टिबुकल्या सांगितल्या, एक खंड्या सांगितला. मग एका बाईचा आवाज आला. "दादा… मी रूथ बोलतेय. पप्पा पहाटे गेले. ह्या वेळेला ते तुम्हालाच फोन करायचे, म्हणून पहिला तुम्हालाच केला." रूथ म्हणजे काकांची मुलगी, नगरला नर्स आहे. तिनं माझे आकडे पूर्ण ऐकून घेतले होते, मध्ये तोडलं नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी तिसगावला माती झाली. प्रार्थना म्हणून झाल्यावर लोक एकेक करून मूठ मूठ माती टाकत होते. "सर, तुम्ही पुढं व्हा, तुम्ही तर त्यांचे जिवलग," असं म्हणत कुणीतरी मला पुढे ढकललं. मी माती टाकली आणि पुन्हा गर्दीच्या मागे जाऊन उभा राहिलो. का, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहितोय. शांतवन साळवे यांच्याविषयी चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत आणि ते खरंच बोलतात. मला त्यात एक गोष्ट जोडायची आहे, आणि ती माझ्याविषयीची आहे.

काकांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये गेली. उसाचा रस तपासायचा, आकडा लिहायचा, सही करायची. निवृत्त झाल्यावर ते आपल्या गावी, तिसगावला, परत आले आणि एक जुनी दुर्बीण गळ्यात अडकवून, एम-एटीवर बसून पाच किलोमीटरवरच्या आमच्या गावच्या तलावावर यायला लागले. गाव त्यांना 'दुर्बीनवाले' म्हणायचं. मी गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो. एकदा पोरांना तलावावर नेऊन मी मोठ्या तोऱ्यात सांगत होतो की हा पांढरा बगळा आहे, तर मागून आवाज आला, "सर, माफ करा हं, पण तो चमचा आहे. चोच बघा." पोरं खिदळली. मला राग आला. मी चटकन रागावणारा माणूस आहे, आणि राग दिसू नये म्हणून हसणाराही. हसत हसत मी म्हणालो, "मग उद्यापासून तुम्हीच शिकवा." "शिकवतो की," ते म्हणाले, "पण पोरांना नको, आधी तुम्हाला." दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी बांधावर होतो. तेव्हापासून सहा वर्षं, बांधावरच्या त्याच दगडी कठड्यापाशी, आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे राहिलो.

दिवाळीनंतर पाहुणे पक्षी यायचे. आधी थापट्या, मग तलवार बदकं, मग एखाद्या सकाळी अचानक चक्रवाकांची जोडी, विटकरी रंगाची. संक्रांतीनंतर पाणी मागे सरकायला लागलं की उघड्या पडलेल्या चिखलात चिखल्या धावायच्या. होळी झाली की पाहुणे एकेक करून परत जायचे आणि वैशाखात उरायच्या त्या टिटव्या, आणि आम्ही दोघं. पावसाळ्यात पाणी वाढलं की काका म्हणायचे, "आता सुट्टी. आता फक्त घरचे." तरी यायचेच. हे सगळं ते वहीत लिहायचे. वारा कुठला, पाणी कुठल्या दगडापर्यंत, कोणता पक्षी किती, आणि शेवटी एक ओळ, 'सोबत'. त्या ओळीत रोज माझं नाव. एकदा तर 'सोबत : सर, व एक लंगडं कुत्रं' असंही लिहिलं होतं. मी म्हटलं, कुत्रं कशाला? तर म्हणाले, "होतं ना ते? मग?" एका सकाळी लांबवर एक करडा ठिपका पाहून मी हट्टानं सांगितलं की तो करकोचाच आहे, आमच्या तलावावर कधी न आलेला. त्यांनी अर्धा तास दुर्बीण डोळ्याला लावली आणि लिहिलं, 'एक मोठा पक्षी, ओळखला नाही'. मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोललो नाही. त्यांच्या वहीत न पाहिलेली गोष्ट कधी आली नाही आणि पाहिलेली गळली नाही, हे मी शपथेवर सांगू शकलो असतो.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तलाव जवळजवळ आटला. गावानं गाळ काढायचं ठरवलं. गाळ शेतात पडला की जमीन सुधारते, त्यामुळे सगळे उत्साहात होते, आणि सगळ्यांत पुढे माझा थोरला भाऊ, आण्णा. आमचं घर एकत्र आहे. वडील लवकर गेले, मला शिकवलं ते आण्णानं. त्यानं आवाज चढवला की मी आजही चाळीस वर्षांनी लहान होतो. जेसीबी ज्या वाटेनं तळात उतरणार होता, नेमकी त्या वाटेवर टिटवीनं चार अंडी घातली होती. काका आण्णाकडे गेले. पंधरा दिवस तेवढा तुकडा सोडा, म्हणाले. आण्णा हसला. "चार अंड्यापायी जेशीबी हुबा करायचा? साहेब, तुमी पाखरं बघा, आमी शेती बघतो." त्यात त्याचंही चूक नव्हतं. यंत्र थोडेच दिवस मिळालं होतं.

घरट्याला कधी हात लावू नये, हे काका येईल त्याला बजावून सांगायचे. त्या संध्याकाळी तेच मला म्हणाले, "सर, उद्यापासून आपण अंडी हलवू. एका वेळेला चार-पाच फूट. त्याच्यापेक्षा जास्त हलवली तर ती ओळखणार नाही." यंत्र आठला सुरू व्हायचं आणि सहाला बंद पडायचं. आम्ही उजाडता उजाडता जायचो आणि पुन्हा यंत्र थांबल्यावर जायचो. मी आधी पुढे जाऊन तसाच उथळ खळगा करायचो, तसेच बारके खडे मांडायचो. काका घरून आणलेल्या लाकडी पळीनं एकेक अंडं उचलून ठेवायचे, तशीच टोकं आत करून. टिटवी डोक्यावरून ओरडत झेपा घालायची. मग आम्ही दगडाआड बसून श्वास रोखून वाट बघायचो. ती यायची, जुन्या जागी बसायची, उठायची, चार पावलं पुढे जायची, मान तिरकी करून बघायची… आणि बसायची. ती बसली की काका माझा हात दाबायचे. असे अकरा दिवस. दोघांचे गुडघे फुटले, पण अकराव्या दिवशी अंडी तळातून वर, बांधाच्या उतारावर, पार माथ्याजवळ पोचली होती. माझ्या आयुष्यात मी इतकं चांगलं काम दुसरं केलेलं नाही.

आणि आम्ही दोघं शहाणे एक गोष्ट साफ विसरलो. आमच्या भागात टिटवीच्या अंड्यांवरून पाऊस सांगतात. तिनं तळात अंडी घातली तर पाऊस बेताचा, उंचावर घातली तर तलाव भरणार. अंडी चार असली आणि टोकं जमिनीकडे असली तर चारही महिने चांगले. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. वर्गात मी त्याला अंधश्रद्धा म्हणायचो, म्हणून ते माझ्या डोक्यातूनच गेलं असावं. शेळ्या राखणाऱ्या भागूबाईनं ती अंडी बांधावर पाहिली आणि दुपारपर्यंत गावभर झालं. "औंदा टिटवीनं पार बांधाच्या माथ्याला अंडी घातली! चार हायती, टोकं खाली!" लोक बघायला आले. कुणी भोवती काट्यांचं कुंपण घातलं, कुणी हळदकुंकू वाहिलं. आदल्या आठवड्यात ज्या अंड्यांवरून यंत्र जाणार होतं, त्यांना आता राखणदार मिळाले. काका खूश होते. एकच दिवस. दुसऱ्या दिवशी आण्णानं, तळातली अंडी केव्हाच यंत्राखाली गेली आणि ही दुसऱ्या टिटवीची असं धरून, घरात जाहीर केलं की औंदा पावसाची वाट न बघता धूळपेरणी करायची. त्याचं बघून अर्धं गाव पेरायच्या तयारीला लागलं.

मी हे काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आपण जाऊन सांगायला पाहिजे." मी म्हणालो, हात दाखवून अवलक्षण कशाला? पाऊस पडलाच तर सगळं निभावेल. "आणि नाही पडला तर? त्यांनी आपल्या खुणेवर भरवसा ठेवलाय, सर. टिटवीच्या नाही, आपल्या." शनिवारी संध्याकाळी मारुतीच्या पारावर माणसं जमतात, तेव्हा दोघांनी जाऊन सांगायचं ठरलं. मी हो म्हणालो. शुक्रवारी आण्णानं तीन एकर पेरून टाकलं. शनिवारी दुपारी, त्यानं पेरणीचं कौतुक करत माझ्या ताटात भाकरी वाढली आणि माझं अवसान गळालं. जेवण झाल्यावर गोठ्यामागे जाऊन मी काकांना फोन केला. "काका, मी येतो. पण… माझं नाव घेऊ नका." ते हळूच म्हणाले, "सर, वहीत आहे हो तुमचं नाव." मी म्हणालो, "मग वही आणू नका."

पारावर पंधरा-वीस माणसं होती. काका उभे राहिले आणि अंडी कुठे होती, कशी हलवली, किती दिवस लागले, सगळं एकेक करून सांगितलं. हात जोडले. म्हणाले, "अजून ज्यांनी पेरलं नाही, त्यांनी थांबावं. ही खूण खोटी आहे, ती माझी आहे." आण्णाचा चेहरा मी बघत होतो. तो म्हणाला, "टिटवी बोलली हुती, साहेब. तुमी तिचं बोलनं बदललं." मग म्हणाला, "हे येकल्याचं काम न्हाई. कोन हुतं संगं?" काका म्हणाले, "एकट्यानं केलं." आण्णा माझ्याकडे वळला. "बाळू, तू रोज असतोस की ह्यांच्यासंगं. तुला म्हाईत हुतं?"

वर्गात मी पोरांना सांगतो की खरं बोलायला भिऊ नये. मी म्हणालो, "न्हाई."

पण आण्णा तसा सोडणारा नाही. "तुमी रोजचं समदं वहीत लिवता. ती वही कुठं हाय?" ती वही काकांच्या खांद्याच्या पिशवीत होती, वरून कोपरा दिसत होता. वही आणू नका म्हणून मी सांगितलं होतं आणि त्यांनी ती आणली होती. त्यांनी ती काढून आण्णाच्या हातात दिली. आण्णा बोट ठेवून ठेवून वाचत होता, आधी मनात, मग मोठ्यानं. वारा पश्चिमेचा. अंडी चार. पाच फूट. सोबत… तो थांबला. पान उलटलं. पुन्हा थांबला. "सोबत : कोणी नाही," त्यानं वाचलं. अकराही दिवस, 'सोबत : कोणी नाही'. आज लाज वाटते, पण त्या क्षणी मला फक्त सुटल्यासारखं वाटलं. आण्णानं वही परत दिली आणि म्हणाला, "उद्यापास्नं आमच्या बांधावर पाय ठिवायचा न्हाई." काकांनी मान हलवली. त्यांनी हेल्मेट चढवलं, एम-एटी दोन-तीन लाथांनी सुरू झाली आणि ते गेले. मी पारावर मूग गिळून बसून होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. मी दचकूनच उचलला. "सर, रागाच्या भरात कुणी अंड्यांना काही करेल. बघून येता?" मी धावत गेलो. कुंपण उपसून टाकलेलं होतं. अंडी नव्हती. मग टरफलाचा एक तुकडा दिसला आणि खाली तळातून टिटवीचा आरडाओरडा ऐकू आला. तिच्या पायांत तीन पिल्लं धावत होती. मी फोनवर ओरडूनच सांगितलं. ते म्हणाले, "चौथं?" मी म्हणालो, दिसलं नाही. "मग तीन लिहितो." त्या साली पाऊस महिनाभर उशिरा आला. आण्णाचं तीन एकर वाया गेलं, त्याला पुन्हा पेरावं लागलं. पारावर काकांचं ऐकून जे थांबले त्यांचं बियाणं वाचलं, पण त्यांच्यापैकी कुणी त्यांना चहाला बोलावल्याचं मला आठवत नाही. आण्णा अजून म्हणतो, टिटवीनं तळातच घातली हुती, ती खरंच बोलली हुती. काका असते तर योगायोग म्हणाले असते.

तेव्हापासून काका पलीकडच्या काठावर, रस्त्याकडच्या बाभळीखाली उभे राहायला लागले. ती बाजू बांधाच्या समोरची, म्हणजे सकाळचं ऊन सरळ डोळ्यांत. संध्याकाळी यावं तर मोतीबिंदूमुळे अंधारात एम-एटी चालवता येत नव्हती. त्यामुळे सकाळीच यायचे, आणि तिकडून फोन करायचे, "सर, तुमच्या बाजूला काय?" मी माझे आकडे सांगायचो, ते त्यांच्या काठाजवळचे मिळवायचे, आणि तलाव पुरा व्हायचा. तीन हिवाळे आम्ही एकच तलाव अर्धा अर्धा मोजला. रस्त्यानं तिकडे जायला तीन किलोमीटरचा फेरा आहे. मी एकदाही गेलो नाही. आण्णाच्या कानावर गेलं तर, एवढ्याच भीतीनं. तिसगावच्या बाजारात भेटायचे तेव्हा पहिल्यासारखेच हसून बोलायचे. एकदा मी धीर करून म्हणालो, "काका, त्या दिवशी पारावर…" त्यांनी मला पुरं बोलूच दिलं नाही. "औंदा थापट्या उशिरा आल्या, नाही?" म्हणाले. मला वाटायचं, त्यांनी माफ केलंय. आता वाटतं, मी माफी मागितलीच नव्हती, तर ते माफ काय करणार?

माती होऊन तीन आठवडे झाल्यावर रूथनं बोलावलं. तिनं सगळ्या वह्या काढून टेबलावर लावल्या होत्या. त्यांच्याबरोबर एक बंद पाकीट, वर माझं नाव. "हे तुम्हाला द्यायला सांगितलं होतं पप्पांनी. आत काय आहे मला माहीत नाही, दादा," ती म्हणाली. आत ब्लेडनं कापून काढलेली अकरा पानं होती. त्याच तारखांची पानं, त्यांच्याच अक्षरात, ज्या त्या दिवशी लिहिलेली, एका पानावर चिखलाचा वाळलेला डाग. आणि प्रत्येकाच्या शेवटी, 'सोबत : सर'. माझ्या त्या फोननंतर, शनिवारच्या दुपारी, त्यांनी ती कापली होती आणि अकरा पानं नव्यानं लिहून वहीत चिकटवली होती. उभ्या आयुष्यात त्यांनी खोटं लिहिलं ते एवढंच. पण खरी पानं त्यांना फाडवली नाहीत. पाकिटात चिठ्ठी शोधली. नव्हती.

मी ती पानं आण्णापुढे ठेवली. तो ठिबकच्या नळ्या गुंडाळत होता. हात पुसून त्यानं पहिलं पान घेतलं, बोट ठेवून वाचलं, मग दुसरं, अशी अकराही. "तीन वर्सं," तो म्हणाला, "त्या मान्साला मी उन्हात हुबा केला. आन तू रोज माझ्या शेजारी बसून जेवत हुतास." मी बोलायला तोंड उघडलं तर त्यानं हात वर केला. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी उजाडायच्या वेळेला मोटारसायकल काढून दारात उभा. "चल. कुठं हुबं ऱ्हायचे ते दाव."

आम्ही फेरा मारून बाभळीखाली गेलो. मी तिथे आयुष्यात पहिल्यांदा उभा राहत होतो. बुंध्याजवळ एका जागी गवत उगवलेलं नव्हतं, एक सपाट दगड बसायला ठेवला होता. आण्णानं माझी दुर्बीण मागून घेतली. ऊन वर येत होतं. "काईच कळत न्हाई. समदी पाखरं काळी दिसत्यात," तो म्हणाला. खरंच होतं, बदक कुठलं आणि चांदवा कुठला, काही सांगता येत नव्हतं. दुर्बीण हळूहळू फिरत बांधावर थांबली. बराच वेळ तो तसाच उभा राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू जा तिकडं. रोज हुबा ऱ्हातोस तिथं हुबा ऱ्हा."

मी गाडी घेऊन तीन किलोमीटर आलो, बांधावर चढलो आणि कठड्यापाशी, माझ्या जागेवर, उभा राहिलो. समोर पाण्याच्या पलीकडे बाभळीखाली एक बारका ठिपका होता. फोन वाजला.

"दिसतोयस," आण्णा म्हणाला. "आभाळाम्होरं सपष्ट दिसतोयस. वळखू येतोयस, बाळू."

त्यानं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.